चुनखडीची सवत

वाळवंटातल्या आमच्या फराफ्रात कुणाकडे नवी वस्तू आली की ती आधी त्या घराच्या दारात शिरते आणि मग खद्राच्या पोटात. नईमानं अंगणात नवी भट्टी घातली तेव्हा खद्राला तिच्या भट्टीतली भाकर कडू लागली. शेजाऱ्याच्या गाढवाच्या गळ्यात निळ्या मण्यांची माळ दिसली, तर खद्रानं आपल्या गाढवाला एवढी जाड माळ घातली की बिचाऱ्याला ओरडण्यासाठी मान वर करता येईना. गल्लीला आठवडाभर शांत झोप मिळाली, ते पुण्य मात्र कुणी खद्राच्या नावावर जमा केलं नाही.

पण खद्राचं जळणं वाया जात नसे, हेही सांगायला हवं. एका लग्नात कुणीतरी नईमाच्या मुरवलेल्या ऑलिव्हची तारीफ केली. खद्रा तो सगळा हिवाळा धुमसली आणि त्या धगीवर तिनं असे ऑलिव्ह मुरवले, लिंबाच्या फोडी आणि तिखट मिरची घालून, की आता कैरोला नोकरीवर असलेली गावातली पोरं सुट्टीवरून परत जाताना आईचा निरोप घ्यायच्या आधी खद्राच्या दाराशी बरणी घेऊन उभी राहतात. तिच्या धाकट्या बहिणीची वेणी लांब होती म्हणून ती विणकाम शिकली, आणि तिच्यासारखे उंटाच्या लोकरीचे मोजे फराफ्रात कुणी विणत नाही. या बाईला कुणाचा हेवा वाटला नसता तर तिला काहीच आलं नसतं.

एका बाबतीत मात्र तिच्या पोटात थंडावा होता, आणि ती बाब म्हणजे नवरा. मिस्बाहवर कुणाचा डोळा आहे असा संशय यायला कुणीतरी मिस्बाहकडे नीट बघायला हवं होतं, आणि तेवढं थांबून कुणी बघत नसे. किडकिडीत अंग, चहाच्या रंगाची मिशी, आणि बोलणं असं की घरात तो ‘हं’, ‘बघू’ आणि ‘मीठ’ या तीन शब्दांवर संसार चालवी. थोरला मुलगा फरग जन्मायच्या आधीपासूनची एक जीप त्याच्याकडे होती. तीत पाहुण्यांना घालून पांढऱ्या वाळवंटात न्यायचं, तिथले दगड दाखवायचे, चहा पाजायचा आणि परत आणायचं, हा त्याचा धंदा. खद्रा तिकडे कधी गेली नव्हती. गावातली कुठलीच बाई जात नसे. दगड बघायला जायचं म्हणजे घरात तांदूळ निवडायचे राहिलेत की काय, असं बायका म्हणत.

तर हा थंडावा संपला तो गरम पाण्याच्या विहिरीवर. दुपारच्या आधीची वेळ तिथे बायकांची. खद्रा आणि नईमा टाकीच्या कठड्यावर घोंगड्या आपटत होत्या. नईमा म्हणजे मिस्बाहच्या चुलतभावाची, गिदामीची बायको, नात्यानं खद्राची जाऊ. गिदामीही जीप चालवतो, आणि दिवसभर वाळवंटात जे पाहतो ते संध्याकाळी नईमाला सांगतो. पुढचं वाटपाचं काम नईमाकडे.

“घरी सगळं बरं ना?” नईमानं घोंगडी पिळता पिळता विचारलं.

“का गं? बरं नसायला काय झालं?”

“काही नाही. हे म्हणत होते, दादा हल्ली गमालात नावाच्या एकीला भेटल्याशिवाय परत फिरत नाहीत. जीपमधून उतरले की आधी तिची तब्येत विचारतात.”

खद्राचा हात थांबला.

“मला वाटलं तुला ठाऊक असेल,” नईमा म्हणाली, आणि या वाक्यानं तिनं आपल्या भट्टीपासूनचे सगळे जुने हिशेब एका दमात चुकते केले.

आमच्याकडे पुरुषाला दुसरी बायको करायची मोकळीक आहे. अडचण येते ती फक्त खर्चाची आणि पहिल्या बायकोची. खद्रानं घरी जाता जाता गावातल्या सगळ्या गमालात मनातल्या मनात मोजल्या. एकच निघाली. म्हातारी सुईण, जिनं गावातल्या निम्म्या पोरांना, आणि खुद्द मिस्बाहला, या जगात ओढून आणलं होतं. तोंडात दात नव्हता. तरीही खद्रा वाट वाकडी करून तिच्या दारावरून गेली आणि डोळ्यांत सुरमा बिरमा घातलाय का ते बघून आली.

संध्याकाळी मिस्बाह जेवायला बसला. खद्रानं वाटी त्याच्यापुढे ठेवली, पण हात वाटीवरून काढला नाही.

“ही गमालात कोण?”

मिस्बाहनं वर पाहिलं. मग तो हसला. इतक्या वर्षांत हे हसणं खद्रानं पाहिलं नव्हतं, आणि त्यातच तिचा निम्मा जीव गेला.

“दगड आहे,” तो म्हणाला.

“दगड असू दे नाहीतर धोंडा. कुठल्या घरातली?”

“अगं, खराच दगड. पांढऱ्या वाळवंटातला. चुनखडीचा.”

मग मिस्बाहनं, त्याच्या मानानं भाषणच म्हणायचं, सगळं सांगितलं. पाहुण्यांना नुसता दगड चालत नाही, नावाचा दगड लागतो. कोंबडी आहे, ससा आहे, भूछत्र आहे, बसलेला उंट आहे. एका म्हाताऱ्या परदेशी बाईनं एका उंच दगडाकडे बोट करून विचारलं, हिचं नाव काय? ओढणी सावरत उभ्या राहिलेल्या बाईसारखा दगड, त्याला काय कोंबडी म्हणायचं? तोंडाला आलं ते सांगून टाकलं, गमालात. तेव्हापासून सगळे तेच म्हणतात.

एवढ्यावर दुसरी बाई हसली असती आणि वाटी पुढे सरकवून मोकळी झाली असती. खद्रालाही वाटलं, आता आपल्याला बरं वाटेल. ती वाट बघत बसली, पण बरं काही वाटेना. गमालात माणूस असती तर परवडली असती. तिच्या आईचा स्वभाव काढता आला असता, तिच्या हातच्या भाताला नावं ठेवता आली असती, एखाद दिवशी विहिरीवर तिचे केसही धरता आले असते. दगडाचं काय धरणार?

“तेच नाव बरं आलं तोंडाला,” ती म्हणाली.

“कुठलं तरी यायचंच.”

“माझं नाही आलं.”

मिस्बाहचे कान लाल झाले. परक्या माणसांसमोर बायकोचं नाव घेणं आमच्याकडे उघड्या डोक्यानं मशिदीत शिरण्यासारखं. घरात ‘अगं’, पोरं झाल्यावर ‘फरगची आई’, आणि बाहेर विषय निघालाच तर ‘आमची मंडळी’. मंडळींना ताप आहे, मंडळींनी ऑलिव्ह पाठवलेत. एकटी बाई, पण बाजारात तिची जत्रा होते.

“तुझं नाव पाहुण्यांपुढे घेऊ?” मिस्बाह म्हणाला. “चार लोकांत?”

“चार लोकांत राहू द्या. इथं किती लोक आहेत? इथं तरी कधी घेतलंत? लग्नाच्या वेळी काझीनं घेतलं, ते शेवटचं. दगडाला नाव आहे, आणि मी मंडळी.”

मिस्बाहनं वाटी जवळ ओढली. तो म्हणाला, “मीठ.”

त्या दिवसापासून खद्रानं एकच धोसरा धरला, मला ती बघायची आहे. मिस्बाहनं ‘बघू’ म्हटलं. मग त्याच्या चहात साखर पडायची बंद झाली. फराफ्राच्या माणसाला बिनसाखरेचा चहा म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा. शुक्रवारच्या नमाजानंतर जीप निघाली. मागे गिदामी आणि नईमाही होते, कारण खद्रा कुठेतरी जाते आणि आपण नाही, हे नईमाच्यानं सोसणं शक्य नव्हतं. जळण्याचा मक्ता काही एकट्या खद्राकडे नाही.

डांबरी रस्ता सुटला तिथे मिस्बाह खाली उतरला, चपला काढून सीटखाली टाकल्या, चाकांतली हवा कमी केली. पुन्हा बसला तो दुसराच माणूस. बोलायला लागला. ही वाळू कालच्या वाऱ्याची, ती गेल्या महिन्याची. या दगडी उंटाचं कुबड पूर्वी मोठं होतं, खालून वारा वाळूचा मारा करतो आणि दगड कमरेशी खात जातो. कोल्हा या खडकाखाली राहतो, कोंबडीचं हाडूक ठेवलं तर घेतो, मेंढीचं नाही. खद्रा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. एवढे शब्द हा माणूस कुठे ठेवत होता? घरात जागा नव्हती?

बाहेर सगळीकडे पांढरं. पिठाचं पोतं फुटावं आणि कुणी झाडायला येऊ नये तसं पांढरं. त्या पिठात कुणीतरी भलीमोठी भांडी, प्राणी, मनोरे करायला घ्यावेत आणि अर्ध्यावर उठून जावं, तसे दगड. नईमा म्हणाली, “बाई, किती केर!” खद्राच्या मनात तेच आलं होतं, पण नईमानं आधी म्हटल्यामुळे तिला गप्प बसावं लागलं.

आणि मग गमालात दिसली.

एकटीच उभी होती. उंच, कंबर मुठीत मावेल अशी बारीक, मान जराशी कललेली, आणि खांद्यावरून खाली उतरलेल्या रेघा थेट ओढणीच्या चुण्यांसारख्या. खद्रानं येताना पुष्कळ वाईट बोलायचं ठरवून आणलं होतं. त्यातलं काही उपयोगी पडेना. दगड सुंदर होता. तो कुरूप असता तर तिनं तिथल्या तिथे माफ करून टाकला असता.

मिस्बाह अनवाणीच पुढे गेला, तिच्या कमरेवर तळवा ठेवला, पायाशी साठलेली वाळू हातानं बाजूला केली आणि सवयीनं पुटपुटला, “बरी आहेस ना?”

“कंबर बघा की,” खद्रा मागून म्हणाली. “पोरं झालेली दिसत नाहीत बाईला.”

गिदामी खोकला. सोबत आणलेल्या भातावरच्या कोंबडीच्या तंगडीत त्यानं तोंड खुपसलं.

“आणि नाक कुठंय? नाक नाही हिला.”

“होतं पूर्वी,” मिस्बाह हळहळून म्हणाला. “वाऱ्यानं गेलं.”

ती हळहळ खद्राच्या वर्मी लागली. दोन वर्षांपूर्वी तिची दाढ काढली तेव्हा हा माणूस ‘हं’ म्हणाला होता. ती दगडाच्या पायथ्याशी जाऊन बसली, गुडघ्यांना मिठी मारली आणि म्हणाली, “हिचं नाव बदला.”

“काय ठेवू?”

“माझं.”

गिदामीनं लाजेनं पाठ फिरवली. नईमानं फिरवली नाही.

“अगं, शोभायला नको?” मिस्बाह अजीजीनं म्हणाला. “तुझ्या नावाचा अर्थ हिरवी. आणि ही दुधासारखी पांढरी. पाहुणे हसतील.”

“हसू देत. नाव बदलल्याशिवाय मी जीपमध्ये बसायची नाही.”

भात गार झाला. चहा दोनदा उकळून झाला. ऊन उतरायला लागलं तसा दगड गुलाबी झाला, आणि गिदामी म्हणाला, “दादा, मिटवा आता. ती पण लाजली.” शेवटी मिस्बाहनं वाळूकडे बघत सांगितलं, “गिदामी, आजपासून हिला गमालात म्हणायचं नाही.”

“मग काय म्हणायचं?”

“ऐकलंस ना मघाशी.”

म्हणजे नाव दिलं, पण घेतलं नाही. नाव घेतलं ते गिदामीनं. “वहिनी, माफ करा, दगडाबद्दल बोलतोय,” असं आधी सांगून त्यानं चाचरत उच्चार केला, “खद्रा.” मिस्बाहनं असा चेहरा केला जणू कुणी त्याच्या पायावरून जीप नेली. खद्रा उठली, ओढणी झटकली आणि जीपमध्ये जाऊन बसली. जिंकली होती. पण नाव ऐकायला आली होती एकाच्या तोंडून, ऐकलं दुसऱ्याच्या, हे तिला चाकांत हवा भरेपर्यंत समजलं होतं.

हिवाळा आला, पाहुणे आले आणि नाव पसरलं. गावातल्या पुरुषांना खद्रा कोण हे पक्कं ठाऊक होतं, पण ठाऊक नसल्यासारखं दाखवणं ही आमची रीत. बाहेरगावच्या ड्रायव्हरांना मात्र रीत पाळायला मुळात काही ठाऊकच नव्हतं. पेट्रोल भरताना ते एकमेकांना ओरडून सांगत, आज दुपारचा चहा खद्राच्या सावलीत. खद्राकडे गर्दी आहे, उद्या जाऊ.

मिस्बाह घरी यायचा तो ओठ मिटून. चहा अर्धा टाकायचा. एकदा गाढवाला उगाच लाथ मारली. खद्रानं ही लक्षणं लगेच ओळखली. या दुखण्यात तिचा जन्म गेला होता, गावात तिच्याइतकी जाणकार दुसरी नव्हती.

“काय झालं?” तिनं मोज्याची टाच विणता विणता विचारलं.

“काही नाही.”

“पोटात, बरगडीच्या जरा खाली, जळतंय ना? आणि घोंगडी घेतली की जास्त?”

मिस्बाहनं चमकून बरगडीवरचा हात काढला. मग हळूहळू बोलला. एका परगावच्या पोरानं आपल्या पाहुण्यांना सांगितलं होतं, खद्रा मागच्या बाजूनं जास्त चांगली दिसते. त्यानंच तिच्या कमरेला हात घालून फोटो काढून घेतला होता. मिस्बाहनं जॅक उगारला, गिदामीनं धरला म्हणून निभावलं. पोरगा विचारत राहिला, अहो काका, दगडावरून एवढं काय?

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“काय सांगणार? बायको आहे म्हणून?”

खद्राच्या अंगावरून मोरपीस फिरलं. जन्मभर तीच जळत आली होती. आपल्यापायी दुसरं कुणी जळतंय, ही चैन तिनं कधी भोगली नव्हती. त्या रात्री तिनं त्याच्या चहात दोन चमचे साखर जास्त घातली. दुसऱ्या दिवशी सहज विचारलं, “आज कोण कोण होतं माझ्याकडे?” त्याला पुन्हा जळताना बघून तिच्या गालांवर रंग चढला. नईमा म्हणालीसुद्धा, तू हल्ली तोंडाला काय लावतेस?

ही चैन फार टिकली नाही, कारण गिदामी नईमाला सांगायचं सोडत नव्हता आणि नईमा खद्राला. दादा हल्ली त्या दगडाकडे जातच नाहीत. पाहुण्यांना लांबून वळसा घालून नेतात. नाव घ्यायला नको म्हणून. कुणी विचारलंच तर म्हणतात, तो दगड बंद आहे. आणि चपलाही काढत नाहीत. बोलत नाहीत. एका पाहुण्यानं तर तक्रार केली, तुमच्याकडचा हा माणूस मुका आहे का?

खद्राला आनंद व्हायला हवा होता. सवतीचं तोंड बघणं नवऱ्यानं टाकलं होतं. पण त्या शुक्रवारी ऐकलेले सगळे शब्द तिला आठवले, वाऱ्याचे, वाळूचे, कोल्ह्याचे. ते तिनं त्याच्याकडून काढून घेतले होते, आणि तिच्या पदरात तर त्यातला एकही पडला नव्हता.

एका दुपारी मिस्बाह म्हणाला, “फरगची आई, जुनं नाव परत ठेवू दे.”

“ठेवा की.”

“गिदामीला सांग, तो सगळ्यांना सांगेल.”

“मी नाही, गिदामी नाही. ज्यांचा दगड त्यांनी सांगायचं. आणि अमुक नाव घेऊ नका हे सांगायचं, तर ते नाव आधी आपल्या तोंडानं घ्यावं लागेल. मला दुसरी तोड दिसत नाही.”

मिस्बाहनं ते मनात उलटसुलट करून पाहिलं. त्यालाही दुसरी तोड दिसली नाही. तो ‘बघू’ म्हणाला.

सरकारी पावाची खिडकी आणि ड्रायव्हरांचं चहाचं दुकान यांच्यात आमच्याकडे एक भिंतही नाही, नुसता बाक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी खद्रा पावाच्या रांगेत उभी होती. दुकानात परगावचे पाच-सहा ड्रायव्हर, कोपऱ्यात गिदामी. मिस्बाह आला, बसला नाही. त्यानं रांगेकडे पाहिलं नव्हतं, हे खद्रा आजही शपथेवर सांगते.

“एक सांगायचंय,” तो म्हणाला. “तो उंच दगड. त्याचं नाव गमालात. तेच म्हणायचं.”

“पण काका, तिला तर सगळे खद्रा म्हणतात,” तोच परगावचा पोरगा म्हणाला.

“म्हणायचं नाही.” मिस्बाहचा आवाज चढला. “दगडाला खद्रा म्हणायचं नाही. खद्रा माझी बायको आहे.”

दुकानात चमचे थांबले. सगळे पुरुष आपापल्या ग्लासात बघायला लागले, जणू तळाशी काहीतरी पडलंय. परगावच्या पोराचा चेहरा उतरला. कमरेला हात घातलेला फोटो कुठे लपवावा, असा विचार त्याच्या तोंडावर लिहिला होता. पावाच्या रांगेत मात्र कुणी ग्लासात बघत नव्हतं. सगळ्या बायका खद्राकडे बघत होत्या. नईमाच्या डोळ्यांत तर उघड उघड धूर होता. गिदामीनं तिचं नाव बाजारात तर सोडाच, स्वप्नातही घेतलं नसणार.

खद्रानं पाव घेतले आणि ताठ मानेनं घरी निघाली. दारापर्यंत पोचेपर्यंत ती राणी होती. आत येऊन पाव झाकले आणि तिच्या पोटात, बरगडीच्या जरा खाली, ओळखीची आग लागली. इतक्या वर्षांनी ते नाव त्या तोंडातून निघालं, आणि ते ऐकलं कुणी? पाववाल्यानं ऐकलं, नईमानं ऐकलं, त्या परगावच्या कार्ट्यानं ऐकलं. तिच्या वाट्याला आला तो सगळ्यांत वाटून उरलेला तुकडा. तिला असं हवं होतं की जे दुसऱ्या कुणाच्या कानावर पडणार नाही.

मिस्बाह त्या दिवशी घरात तिच्याशी एक शब्द बोलला नाही. मीठसुद्धा त्यानं स्वतः उठून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांना न्यायचं होतं. जीप दाराशी सुरू करून ठेवली होती, चपला त्यानं घरातच काढून ठेवल्या होत्या. तो निघाला, परत फिरला, उंबऱ्यात उभा राहिला. घरात दोघांशिवाय कुणी नव्हतं. त्यानं गल्लीकडे एकदा बघून घेतलं, दार मागं लोटलं आणि अगदी हळू, मिशीतल्या मिशीत म्हणाला, “खद्रा, चहाचा डबा राहिला.”

खद्रा चुलीपाशी पाठमोरी होती. तिनं फडताळातून एक डबा काढला, मागे न बघताच त्याच्या हातात दिला. तो गेला. जीपचं दार वाजलं.

डबा साखरेचा होता. चहाचा डबा ओढणीखाली धरून ती दाराआड उभी राहिली, तो परत यायची वाट बघत.